वनिता आणि काचेतला मोर

सकाळी उन्हं अंगणात उतरली तरी भिमा बायकोला दिवा लाव म्हणत होता. वनिता त्याच्या तोंडासमोर हात हलवत राहिली. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत काही नव्हतं. मग पोटात कळा सुरू झाल्या. त्यानं खाटेची माची लाथेनं मोडली, भिंतीवर डोकं आपटून रक्त काढलं, धरायला आलेल्या शेजाऱ्याच्या हाताचा लचका तोडला. धाकटा दीर अजित, त्यानं रडत रडत आपला टेम्पो दारात आणला. दवाखान्यात नेताना मार्गासनीहून नसरापूर येईपर्यंत वनितानं नवऱ्याला मांडीशी आवळून धरला होता. तो थंड पडला तेव्हा मिठी सैल झाली.

आदल्या दिवशी गावात हळद होती. तिथं जी दारू वाटली, ती प्यालेले भिमा धरून तिघं गेले.

खाटेखाली रिकामी बाटली होती. बुचावर चकचकीत मोराचं स्टिकर. वनिता नसरापूरच्या पुढं हायवेलगतच्या एका होलोग्रामच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. बियाण्यांच्या पिशव्या, औषधांची खोकी, यांवर लावायची स्टिकरं तिच्या हातून हजारोंनी गेली होती. तिनं ती बाटली उन्हात धरून कलती केली. मोर हलला नाही, रंग पालटला नाही, खोलही दिसला नाही. चंदेरी कागदावर नुसतं छापलेलं चित्र होतं, कुणालाही छापून घेता येईल असं. तिनं हे पोलिसांना सांगितलं. हायवेवर ढाबा चालवणाऱ्या चिमाजीचं नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं, पण साक्षीला कुणी उभं राहिलं नाही.

भिमाचं पुण्यानुमोदन झालं आणि वनिता परत कामावर गेली. सासू फुलाबाई घरी भिंतीकडं तोंड करून बसायची.

पुढं, ज्या दारूच्या नावानं त्या नकली बाटल्या खपायच्या, तिच्या कंपनीनं खऱ्या होलोग्रामची ऑर्डर द्यायची ठरवली, आणि ती नेमकी वनिताच्याच कारखान्याला आली. मालकीणबाई रश्मी मॅडम स्वतः काळोख्या खोलीत, स्टिकरं जिच्यावरून निघतात ती मूळ काच बनवायच्या. वनितानं त्यांना गाठून सांगितलं, की या कामात मला घ्या. मॅडमना भिमाचं माहीत होतं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

ते काम गुरुवारी चालायचं. गुरुवारी लाइट बंद असायची म्हणून कारखान्याला सुट्टी, मशीनं थांबलेली. खोलीपुरता बॅटरीवर उजेड. या कामाला थरथर चालत नाही. वाळूनं भरलेलं जड टेबल हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवलेलं. तरी हायवेवरून लोडेड ट्रक गेला की मॅडम थांबायच्या. लेसरचा हिरवा किरण एका काचेवर पडून दुभंगायचा. एक वाट पितळेच्या बोटभर मोरावर जाऊन, त्याला चाटून, समोरच्या, उजेड टिपणारा मसाला लावलेल्या काचेवर यायची. दुसरी वाट भिंगातून पसरून थेट त्याच काचेवर. धरणाच्या पाण्यात दोन खडे टाकले की लाटांत लाटा गुंततात, तसे हे दोन उजेड काचेवर गुंतायचे, आणि त्या गुंत्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा मसाल्यात उमटायच्या. फोटोत नुसता उजेड किती ते उतरतं. इथं तो कुठून, कसा आला तेही उतरतं. काच धुऊन, सुकवून पुन्हा त्याच पसरलेल्या किरणात धरली, की मोर उचलून नेला असला तरी काचेपलीकडं मोर उभा. मान वाकडी केली तर त्याची दुसरी बाजू दिसे.

मॅडमनी तिला एकदा एका पंपाचा तुकडा दाखवला होता. गार असताना एकदा आणि तापवून एकदा, अशा दोन वेळा एकाच काचेवर घेतलेला. वरून धड दिसणाऱ्या लोखंडावर एका जागी काळ्या पट्ट्या गर्दी करून आल्या होत्या. तिथं आत चीर होती. वनिता त्या पट्ट्यांकडं बराच वेळ बघत राहिली होती.

मोराची काच सुकून स्टँडवर बसवली त्या गुरुवारी, भर दुपारी, दाराची कडी तुटली.

आधी अजित आत आला. वनिताचा दीर म्हणून वॉचमननं त्याला गेट उघडलं होतं. वॉचमन आता गेटाशी फुटक्या डोक्यानं पडला होता. अजितच्या मागून चिमाजी, हातात पहार. मॅडम पुढं झाल्या आणि पहार त्यांच्या कानशिलावर बसली. त्या टेबलाच्या पायाशी कोसळल्या, केसांतून रक्त फरशीवर पसरलं. वनितानं मोबाईलकडं हात नेला, तसा दुसरा फटका तिच्या डाव्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

चिमाजीला मूळ काच हवी होती. तिच्यावरून खरी स्टिकरं निघाली की त्याच्या बाटल्यांवर कुणी शंका घेणार नव्हतं. पण कुठल्या तरी भलत्याच काचेवर बोळवण होईल अशी त्याला धास्ती. त्यानं पहारेचं टोक मॅडमच्या गळ्यावर टेकवलं आणि मोर दाखव म्हणाला.

वनितानं उजव्या हातानं लेसर सुरू केला. पसरलेला हिरवा उजेड काचेवर पडला.

"हितनं न्हाई दिसायचा. खाली वाका, उजेडाकडं तोंड करा," ती म्हणाली. "अजून जवळ या."

तो वाकला. काचेच्या मागं त्याचा चेहरा हिरवा झाला, उजवा डोळा बरोबर किरणाच्या रेषेत आला. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की भिंग काढलं की किरण सुईसारखा होतो, त्याच्या वाटेत डोळा कधी आणायचा नाही. वनितानं भिंग उपटलं.

चिमाजीनं आधी नुसता डोळा चोळला. मग दुसरा झाकून बघितला आणि गुरासारखा ओरडला. पहार आंधळेपणी फिरवली, आरसे फुटले, लेसर खाली येऊन विझला. दारातून येणाऱ्या उजेडात अजित काच घेऊन पळताना वनिताला दिसला. तिनं त्याची मानगूट धरली. त्यानं कोपर तिच्या तोंडात मारलं, दोन दात हलले. तिनं पकड सोडली नाही. दोघं भिंतीवर आदळली आणि काच फुटली. अजितनं मोठी कपची उचलून शर्टात कोंबली.

कपचीनंही भागलं असतं, हे वनिताला ठाऊक होतं. या काचेचे तुकडे झाले म्हणून मोराचे होत नाहीत. फुटक्या खिडकीतून सगळं अंगण दिसावं तसा प्रत्येक तुकड्यातून अख्खा मोर दिसतो. चिमाजीच्या हातून सुटलेली पहार तिनं उचलली आणि एका हातानं अजितच्या गुडघ्यावर घातली. तो पडला. दुसरा घाव तिनं त्याच्या छातीवर, त्या कपचीवर घातला. काचेचा चुरा झाला आणि शर्ट लाल झाला. तिनं तिसऱ्यांदा पहार उचलली.

"वयनी, हळदीला चिमाजीकडनं दारूची पेटी म्याच आणली व्हती," अजित म्हणाला. "भाऊ पिईल हे मला ठावं न्हवतं."

पहार वर होती.

"आणि बाकीचे दोगं कुणाचे व्हते?" तिनं विचारलं.

तिनं पहार त्याच्या डोक्याशेजारी फरशीवर आपटली, फरशी तडकली. मग ती मॅडमपाशी बसली, पदर जखमेवर दाबला आणि मोबाईल शोधू लागली.

मॅडम वाचल्या, वॉचमनही वाचला. चिमाजीच्या उजव्या डोळ्याचं मधलं बघणं कायमचं गेलं. त्याच्या वकिलानं कोर्टात विचारलं, की तुम्ही ठरवून त्याचा डोळा घालवला का. वनिता म्हणाली, व्हय, म्याच त्याला तिथं वाकायला लावलं. मॅडमच्या गळ्यावर टेकवलेल्या पहारेचं तिला नंतर विचारावं लागलं. आपण होऊन तिनं सांगितलं नाही. अजितनं पेटीची कबुली दिली, म्हणून चिमाजीवर हळदीतल्या दारूचा खटलाही उभा राहिला.

घरी फुलाबाईनं सुनेच्या पाठीत चुलीतलं जळतं लाकूड घातलं. एक गेला, दुसऱ्याला तू लंगडा केलास, म्हणाली. वनितानं लाकूड हिसकलं नाही. लुगड्याला लागलेली ठिणगी तेवढी चिमटीनं विझवली आणि पेटीचं सगळं सांगितलं, भिमाला टेम्पोत घालताना अजित का रडत होता तेही. म्हातारी किती तरी दिवस जेवायला तिच्याकडं पाठ करून बसली.

भाताची लावणी उरकल्यावर एका सकाळी तीच म्हणाली, "मला अजितकडं नेऊन सोड. एकटीला वाट घावायची न्हाई."

वनिता तिला एसटीनं घेऊन गेली. मनगट वाकत नव्हतं, म्हणून म्हातारीचा हात तिनं उजव्या हातानं धरला होता. तुरुंगाच्या दाराशी फुलाबाईनं विचारलं, आत येतीस का? वनिता नाही म्हणाली. ती बाहेर फुटपाथवर, उन्हात, सासू परत येईपर्यंत बसून राहिली.