कुंपणाजवळचा निंब

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. अकोल्याबाहेर एका संशोधन केंद्राच्या आवाराचा आराखडा मी करत होतो. शेजारच्या मळ्यातली ती झेंडूवाली रोज दुपारी बांधावरच्या निंबाखाली भाकरी सोडायची, पहिला तुकडा मुंग्यांना टाकायची आणि मला हाक मारायची, “या भाऊ, जेवाले! नकाशानं पोट भरते काय?” तिच्या ठेच्याची चव अजून जिभेवर आहे.

केंद्राचं कुंपण त्या बांधाला लागूनच येणार होतं, आणि सुरक्षेसाठी कुंपणालगत झाड चालत नव्हतं. कुंपण थोडं आत घेतलं असतं तर निंब वाचला असता. मी सुचवलंच नाही. निंब तोडला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी, उन्हात, पदर पुढे ओढून बसली होती.

“या भाऊ! सावली गेली तं गेली, भाकर तं हाय!”

“डबा आणलाय,” मी म्हणालो.

आणला नव्हता.