शिवमूर्ती पेंटरची गोदावरी

लातूर जिल्हा झाला त्या साली आमच्या ह्यांचं डोकं फिरलं, हे मी आजही तोंडावर सांगते. शिवमूर्ती पेंटर म्हणजे लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या निम्म्या पाट्या ह्यांच्या हातच्या. आता प्रत्येक पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' करायचं होतं. दुकानदार, शाळा, सोसायट्या, सगळे दारात उभे. आणि हे रविवार आला की पहाटेची नांदेडची एसटी धरायचे!

कारण काय, तर नांदेडच्या व्यंकटराव वकिलांच्या बैठकीतलं एक चित्र. त्यांची पाटी रंगवायला गेले तेव्हा ह्यांनी ते पाहिलं. निजामाच्या काळातल्या कुण्या म्हाताऱ्या उस्तादानं तैलरंगात काढलेला गोदावरीचा घाट. रोज रंगात हात बुडवणारा माणूस, पण असा रंग ह्यांनी पाहिला नव्हता. समोर बसून नक्कल करून शिकायची परवानगी वकिलांनी दिली. मात्र पाडव्यानंतर ते मुलाकडे हैदराबादला कायमचे जाणार होते, आणि चित्रही जाणार होतं. तेवढेच रविवार हातात.

झाडं जमली, घाटाच्या पायऱ्या जमल्या. पाणी काही केल्या जमेना. घरी आले की जेवणात लक्ष नाही, ताटात बोटानं रेघा ओढत बसायचे. काही विचारलं की खेकसायचे. शाळेची पाटी महिनाभर अर्धवट पडली आणि हेडमास्तर मलाच बोलून गेले.

शेवटच्या रविवारी वकील मागे येऊन उभे राहिले. "शिवमूर्ती, नदीला बॉर्डर मारली का रे?"

खरंच होतं ते. वीस वर्षं अक्षरांना कड मारून हात असा बसला होता, की काठ आला की ब्रश आपोआप रेघ ओढायचा. ह्यांनी तिथंच सुरीनं सगळी नदी खरवडून काढली. दोन्हीकडे झाडं, घाट आणि मधे कोरा कॅनव्हास, असं ते चित्र घेऊन घरी आले. उस्तादाचं चित्र हैदराबादला गेलं.

आता बघून काढायचं तरी काय? त्या वर्षी पाऊस हुकलेला. मांजरा नदीत नुसती वाळू. नळ आठ दिवसांनी यायचा, तोही तासभर. एका दुपारी मी आडावरून दुसरी खेप घेऊन आले, तर ह्यांनी माझी पहिली घागर अंगणात पितळी परातीत ओतलेली! समोर उकिडवे बसून टक लावून बघताहेत. माझा तोल सुटला.

"प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही खेळ करून राहिलात व्हय?"

"जगदेवी, शिव्या मागनं दे. आधी बघ. लिंबाचं झाड पाण्यात कुठं संपतंय अन् परात कुठं सुरू होती, सांग."

रागातच वाकले. बघितलं, तर सांगता येईना. पानांचा हिरवा, आभाळाचा पांढुरका, परातीचा पिवळा, सगळे एकमेकांत शिरलेले. कड कुठेच नव्हती. मला एकदम रडू आलं. पाण्यासाठी की ह्या वेड्या माणसासाठी, कोण जाणे.

परात चार दिवस तिथंच राहिली. आटेल तेवढं मीच तांब्यानं भरत होते, शेजारणींची नजर चुकवून. तेवढ्या दिवसांत ह्यांनी मधली कोरी जागा भरली. पाचव्या दिवशी मला हाक मारली. चित्रात पाणी होतं. काठाशी बोट नेलं, पण रेघ सापडली नाही.

"नाव टाका की खाली," मी म्हटलं.

"नकलेवर नाव टाकत न्हाईत. चित्र उस्तादाचं हाय."

"घाट त्यांचा असंल. पाणी माझ्या घागरीतलं हाय. टाका नाव."

ह्यांनी बारीक ब्रश उचलला. साऱ्या जिल्ह्याची नावं एका दमात लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची चार अक्षरं लिहायला अर्धा तास लागला.