मुशी आणि माझी नात
आज चौकातल्या बाजारात कोळणीच्या पाटीत मुशी दिसली आणि तिच्या वासासरशी नातीचं ते जुनं रडगाणं आठवलं. पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात बुडी मारायला शिकायला तिला मालवणला जायचं होतं. शिकली की तिथंच नोकरी पक्की होती, पण ही पिशवी भरायची आणि परत रिकामी करायची. “आजी, शार्क आला तर गं?” आठ दिवस हेच ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी मी हातभर मुशी आणली, वर कढत पाणी ओतलं आणि विळी तिच्यापुढे सरकवली. “हा तुझा शार्क. लहानपणापासून ओरपतेस, आता खरवड.” ती आधी किंचाळली, मग खरवडता खरवडता बोटानं दात चाचपत म्हणाली, “हे पिल्लू हाय. मोठा आला तर?” “मग पातेलं मोठं लागंल.” तिला हसू फुटलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. आता ती दुसऱ्यांना समुद्रात उतरवते, आणि मुशीला तोंड लावत नाही. म्हणते, शार्क फार गरीब जात आहे. उद्या ती घरी येणार, म्हणून मी मुशी तिथंच ठेवून बोंबील घेतले आणि घरी येईपर्यंत नातीला शिव्या घातल्या.