सज्ञान माणसाला पळवलं कुणी?

ते प्रकरण आठवलं की आजही माझा गोंधळ उडतो. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, खून पाहिले. त्यांत फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, एवढं तरी कळत होतं. इथं तेही धड कळलं नाही.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. मी गंगाखेड भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एके दिवशी बोरीहून एक प्राथमिक शिक्षक आले. त्यांचा थोरला भाऊ नाहीसा झाला होता. वय चाळिशीचं, पण समज चार-पाच वर्षांच्या लेकराची, तीही जन्मापासून. हे कुटुंब मूळ राणीसावरगावचं, तिथल्या बौद्ध वस्तीतलं. आई वारल्यावर गुरुजींनी भावाला बोरीला आपल्या घरी नेलं होतं. तिथून तो गेला. त्यांचा संशय गावाकडच्या शेजारणीवर होता.

"तिनंच नेलं असणार, साहेब. मी त्याला न्यायला गेलो तेव्हाच ती दारात आडवी झाली होती. तिला शेळ्या राखायला फुकटचा माणूस पाहिजे."

फिर्याद तिकडच्या ठाण्यात दाखल होती. आरोपी आमच्या हद्दीत, म्हणून शोध आमच्याकडे आला. राणीसावरगावला बाजाराच्या बंदोबस्तावर गेलेल्या हवालदाराला एका सायकलवाल्यानं खबर दिली, की तो माणूस वस्तीत परत आलाय आणि त्या बाईच्या अंगणात बसलेला असतो.

आम्ही गेलो, तर खबर खरी होती. अंगणात एक धिप्पाड माणूस बसला होता. केस विंचरलेले, दोन्ही पायांना फडकी गुंडाळलेली. शेळीचं करडू मांडीवर घेऊन तो त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होता. आमच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. ती बाई विधवा होती, दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाणारी. दोघांनाही ठाण्यावर आणलं. गुरुजींना निरोप धाडला.

मी जबाब घ्यायला बसलो.

"हा तुमचा कोण लागतो?"

"काई लागत न्हाई. भिंतीला भिंत हाय आमची."

"मग बोरीहून आणलात कशाला?"

"मी कशाला आणू? मी बोरी बघितली बी न्हाई, साहेब. सकाळी दार उघडलं तर हे दारात बसलेलं. पायातून रगत यायलं होतं."

ती खोटं बोलतेय अशी माझी खात्री होती. ज्याला धड नाव सांगता येत नाही, तो जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटा कसा येईल?

त्यात कलमाचा घोळ. अज्ञान मुलाला किंवा मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला त्याच्या कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेलं, तर ते अपहरण. पण हा माणूस सज्ञान. तो शहाणा धरला तर मर्जीनं कुठंही राहू शकतो, म्हणजे गुन्हाच नाही. वेडा धरला, तर त्याचा कायदेशीर पालक कोण? मी सरकारी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "कोर्टानं नेमला असेल तो. नेमलाय का?" नेमला नव्हता. सख्खा भाऊ असला तरी सज्ञान माणसाचा तो आपोआप पालक होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गुरुजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं,

"मग इतकी वर्षं आई त्याची कोण होती, साहेब?"



दवाखान्यात तपासणी झाली आणि तपासाची दिशाच बदलली. डॉक्टरांनी फडकी सोडली. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, आत काटे मोडलेले होते. "हा माणूस बसनं आलेला नाही," डॉक्टर म्हणाले. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. इतक्या दिवसांत मी त्याला स्वतःला काहीच विचारलं नव्हतं.

"कसा आलास?"

"चाललो," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पूल. लय पाणी."

हवालदाराला रस्त्यानं चौकशीला पाठवलं. गोदावरीच्या पुलाजवळच्या हॉटेलवाल्यानं त्याला पाव दिल्याचं सांगितलं. परभणीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात तो झोपला होता. सगळीकडे एकटाच. त्या बाईनं त्याला पळवलं नव्हतं. भाऊ बसनं घेऊन गेला त्या रस्त्यानं तो पायी परत आला होता.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. घोट्यावर जुना वळ होता. मी गुरुजींना बाजूला घेतलं. ते लपवायला गेले नाहीत.

"शाळेत जाताना बांधत होतो. लुगड्याची पट्टी वापरायचो, दोर नाही. दारासमोरून ट्रक जातात. एकदा विहिरीच्या काठावर सापडला. बायको त्याला आवरू शकत नाही. मी काय करायला पाहिजे होतं, तुम्ही सांगा."

"पण तो स्वतःच्या मनानं इकडे आला ना?"

"वासरू सोडलं तरी जुन्या गोठ्याकडं पळतं, साहेब. म्हणून त्याला आपलं हित कळतं असं होतं का?"

गुन्हा घडला नाही, एवढं लिहून मी मोकळा झालो असतो. पण माणूस कुणाच्या हवाली करायचा? सोडलं तर तो पुन्हा रस्त्यावर. मॅजिस्ट्रेटसमोर मोकाट वेडा म्हणून उभा केला, तर रवानगी वेड्यांच्या इस्पितळात. हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. बाई रडायला लागली. गुरुजी म्हणाले, "तसं असेल तर तिच्याकडंच राहू द्या."

मी त्यांना परभणीला जिल्हा न्यायालयात पालक नेमण्याचा अर्ज करायला लावला. साक्षीला मीही गेलो. न्यायाधीशांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, "तुला कुठं राहायचंय?"

"शेळ्या," तो म्हणाला.

"आणि भाऊ?"

त्यानं गुरुजींची बाही पकडली आणि सोडली नाही.

हुकूम असा झाला, की पालक भाऊ. राहणं गावी, शेजारणीकडे. भावानं नेमानं येऊन पाहायचं. बाहेर आल्यावर बाईनं विचारलं, "म्हंजी आता त्यो कुणाचा?"

"कागदावर भावाचा."

"अन् जेवायला?"

"तुमच्याकडं."

"मग मी दुसरं काय म्हणायले होते?"

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण ज्वारीची काढणी चालू असताना ती बाई घाबरीघुबरी होऊन ठाण्यावर आली. तो पुन्हा नाहीसा झाला होता. आम्ही नदीकाठ, विहिरी धुंडाळल्या. मग बोरीहून गुरुजी आले. तो त्यांच्या ओसरीवर होता. पायीच गेला होता. वहिनीनं भाकरी दिली, ती खाल्ली आणि झोपला. या खेपेला त्याला कुणी बांधलं नाही. काही दिवसांनी तो उठून रस्त्याला लागला, तेव्हा गुरुजींनी त्याला एस.टी.त बसवलं आणि स्वतः गावी आणून सोडलं. पुढं माझी बदली होईपर्यंत हेच चाललं. कधी भाऊ न्यायला येई, कधी बाई पोचवायला जाई. तिनं बोरीही पाहिली.

मी, वकील, न्यायाधीश, आम्ही सगळे एकच गोष्ट ठरवत होतो, त्यानं राहायचं कुठं. एका जागी राहायचंय का, हे कुणालाच सुचलं नाही. आमच्या कागदात पत्त्याला एकच ओळ असते. त्याला निर्णय घेता येत नाही, असं आम्ही कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. ते खरं होतं की खोटं, मला अजून सांगता येत नाही. पण त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो समोर असेल, तर मी आधी त्याला विचारत असे. उत्तर कळलं नाही, तरी विचारत असे.