घडीवरची चीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल बायकोनं लग्नातला शालू उघडला, तर तो घडीवर विरला होता, आणि मी दवाखान्यात एक्स-रे काढायचो तेव्हाचा, किरण अडवणारा शिशाचा ॲप्रन मला आठवला. तो टांगून ठेवायचा असतो. मी मात्र आळसानं घडी घालून ठेवायचो. एकदा त्या ॲप्रनचाच एक्स-रे काढला, तर आतलं शिसं घडीवर चिरलेलं होतं. वरून सगळं धड. दोष आपल्यावर येईल म्हणून ती फिल्म मी लपवली.

त्यानंतरही तोच ॲप्रन घालून दवाखान्यातल्या आयाबाई, शेवंताबाई, एक्स-रे काढताना रडणारी पोरं धरून बसायच्या. “दादा, तुम्ही पळा भिंतीमागं. मी हाय की चिलखतात,” म्हणायच्या.

चिरीतून आत शिरलेला किरण पेशीतला डीएनएचा धागा तोडू शकतो. पेशी तो बहुधा नीट सांधते. क्वचित सांधताना चूक राहते, आणि पुढची प्रत्येक पेशी तीच चूक खरी समजून उतरवून घेते. कुठं दुखत नाही. वर्षं निघून जातात.

शेवंताबाई अजून बाजारात भेटतात, “बरं हाय ना, दादा?” विचारतात. मी बरं म्हणतो. ती चीर मला ठाऊक होती, तुम्ही एकदा तपासून घ्या, एवढं सांगण्याचं त्यांचं देणं मी अजून लागतो.