पॅसिंजर आणि पळीभर पाणी

घरातून बाहेर पडणे ही क्रिया आमच्या कुंपणापलीकडच्या गृहस्थांइतक्या गांभीर्याने पार पाडणारा मनुष्य शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत झालेला नाही, आणि पुढे होण्याचा संभवही, उपलब्ध पुरावा पाहता, फारच थोडा आहे. इतर माणसे घराबाहेर पडतात. आमचे शेजारी प्रस्थान ठेवीत. आधी मागचे दार लावून ते ओढून पाहायचे, मग पुढच्या दाराला कुलूप घालून त्या कुलपाला जवळजवळ लोंबकळायचे, मग फाटकापाशी उभे राहून मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ न्यायचे आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही खणखणीत आवाजात "चला, टाइम झाला" असे जाहीर करायचे. एवढे सगळे झाल्यावर ते कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत जात आणि तेथून परत येत, कारण काहीतरी विसरलेले असे. कधी छत्री, कधी टोपी, आणि एकदा तर ज्या लग्नाला निघाले होते त्या लग्नाचा आहेर.

अर्ध्या वाटेवरून परतलेल्या माणसाने लगेच पुन्हा निघू नये, क्षणभर टेकावे, पाणी प्यावे आणि मग जावे, ही रीत आपल्याकडे बहुतेक घरांत आहे. पण बहुतेक घरांत ती वडीलधाऱ्यांच्या समाधानापुरती असते. शेजाऱ्यांच्या घरी तिला कायद्याचे बळ होते. त्यांची पत्नी हयात होती तेव्हा हे चिंचेपाशी वळलेले दिसले की ती माउली काही न विचारता तांब्या-भांडे घेऊन ओटीवर येऊन उभी राही. ती गेल्यावर शेजारी स्वतःच निघण्यापूर्वी तांब्या भरून ओटीवर ठेवू लागले. म्हणजे विसरणे आता गृहीत धरलेले होते. "तिच्या हातचं पाणी आणखी एकदा प्यायचं असायचं, म्हणून मुद्दाम विसरायचे ते," असे आमच्या सौभाग्यवतींचे मत होते. उभी हयात तालुक्याच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेल्यामुळे, पुराव्याअभावी मी हे विधान केवळ ऐकून घेतले.

आश्चर्य हे, की हाच मनुष्य नोकरीत असताना घड्याळापेक्षा कठोर होता. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या गाडीवर ते एस.टी.चे कंडक्टर होते. धावत येणाऱ्या माणसासाठी त्यांनी कधी गाडी थांबवली नाही. एकदा त्यांचा सख्खा मेव्हणा टोकावड्याच्या धाब्यावर चहा पीत बसला. त्याच्या हातात बशी असतानाच यांनी डबल बेल दिली. रात्री घरी आलेल्या मेव्हण्याने जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, "मेव्हणा घरी. गाडीत पॅसिंजर. टाइम म्हंजे टाइम." निवृत्त झाल्यावरही तिकिटाला भोक पाडण्याचा तो जुना चिमटा त्यांच्या खिशात असे, आणि विचार करताना ते तो हवेत टिकटिक वाजवीत. आमच्या दोघांच्या हद्दीवर मेंदीचे कुंपण आहे. ते माझ्या जागेत सुमारे वीतभर सरकलेले आहे, हे मी त्यांना लेखी कळवले होते. त्यांनी तो कागद उभ्यानेच घेतला, चिमट्याने त्याला नीट भोक पाडले आणि मला परत देत म्हणाले, "नाना, जपून ठेवा. चेकिंगला लागंल." या प्रकाराबद्दल मी येथे रागाने लिहीत नाही. रागाने लिहिलेले कागद निराळे आहेत आणि ते ग्रामपंचायतीच्या दप्तरी पाहावयास मिळतील.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, पत्नीच्या वर्षश्राद्धाला, टोकावड्याहून त्यांची थोरली बहीण आली. तिच्या टोपलीत वालाच्या शेंगा होत्या आणि शेंगांखाली, ज्याच्या कानांची दिशा अद्याप निश्चित झालेली नव्हती असे, तांबूस रंगाचे कुत्र्याचे पिल्लू होते. "घरात कायतरी हालतं-बोलतं पायजे रे," एवढे म्हणून तिने ते भावाच्या मांडीवर ठेवले आणि दुपारच्या गाडीने ती निघून गेली. गाडीत बहिणीने त्याचे तिकीट काढले नव्हते, हे कळल्यावर शेजाऱ्यांनी त्याचे नाव 'पॅसिंजर' ठेवले. "बिनतिकीट आलाय. आता उतरवून कुठं देणार?"

पॅसिंजर घरात असताना अत्यंत सभ्य होता. परंतु शेजारी फाटकाबाहेर पडले की तो जो सूर लावी, तो ते परत येईपर्यंत खाली येत नसे. हे भुंकणे नव्हते. भुंकण्याला काही मर्यादा असते. ही एक अखंड, लांबलचक, वरच्या पट्टीतली फिर्याद होती, आणि ती नेमकी माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोरच्या खिडकीत दाखल होत असे. सार्वजनिक उपद्रव म्हणजे काय, याची कायद्यातील व्याख्या मी तीन प्रतींत लिहून एक ग्रामपंचायतीस, एक पोलीस पाटलांस आणि एक शेजाऱ्यांस दिली. शेजाऱ्यांच्या प्रतीला भोक पडून ती परत आली. शिवाय त्यांचे निघणे आता अधिकच लांबले होते, कारण कुलपाच्या आधी एक भाषण वाढले होते. ते पिल्लासमोर उकिडवे बसत आणि सांगत, "हे बघ, मी बाजारात चाललो. कांदे आणायचे, घासलेट आणायचं, आन् लगेच येतो. रडायचं नाय. तू काय ल्हान हायस का?" तो लहानच होता. भाषण जितके लांब, तितका नंतरचा विलाप मोठा, हे मला खिडकीतून दिसत होते. पण मला कोणी विचारले नव्हते.

हे सारे हसण्यावारी गेले असते, पण त्याच सुमारास शेजाऱ्यांच्या डोळ्यांचे प्रकरण निघाले. ज्याने आयुष्यभर इतरांना योग्य गाडीत बसवले, तो मनुष्य वाशिंदला जायला निघून किन्हवलीला जाऊन उतरला, कारण त्याला पाटी दिसली नाही. परत आल्यावर ते ओटीवर बसून राहिले आणि चिमटासुद्धा वाजवेनात. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितले, मोतीबिंदू फार पिकला आहे, आता लांबवाल तर डोळा हातचा जाईल. दोन रात्री दवाखान्यात राहावे लागेल. तारीख दिली. शेजारी गेले नाहीत. दुसरी तारीख दिली. तेव्हाही गेले नाहीत.

"पॅसिंजरला जेवायला मी घालीन की, भाऊजी," आमच्या सौभाग्यवती कुंपणावरून म्हणाल्या.

"तुमी घालाल, वहिनी. पन तो खाल का? मी दिसलो नाय तर पानी पन पीत नाय तो. मी तिकडं आडवा पडनार नि हा इकडं रडून मरनार. त्यापेक्षा ऱ्हाऊ दे डोळा. एक हाय ना दुसरा."

"मग बहिणीकडे ठेवा टोकावड्याला."

"इचारलं. ती म्हनते, दिलेली वस्तू मी परत घेत नाय."

तेव्हा सौभाग्यवतींनी उपाय सांगितला. मूल शाळेत रुळवतात तसे करायचे. आधी फाटकापर्यंत जायचे आणि यायचे. ते जमले की चिंचेपर्यंत. मग वाण्याच्या दुकानापर्यंत. जाताना भाषण नाही, आल्यावर लाड नाहीत. त्याच्याजवळ आपल्या वासाचे काहीतरी ठेवून जायचे. उपाय शास्त्रशुद्ध होता, आणि शेजाऱ्यांनी तो दुसऱ्याच दिवशी सकाळी अमलात आणला. पिल्लाला त्यांनी आपली तिकिटांच्या पैशांची जुनी चामड्याची बॅग अंथरून दिली, भाषण गिळले, आणि ते फाटकापर्यंत गेले. परत आले. ओटीवर बसले. भांडेभर पाणी प्याले.

सौभाग्यवतींच्या ध्यानात न आलेली गोष्ट ती हीच. परत आलेल्या माणसाने पाणी प्यायल्याशिवाय पुन्हा निघायचे नाही. शेजारी फाटकापर्यंत जात, येत, बसत, पीत. पुन्हा जात, येत, बसत, पीत. बाजाराला जाणारी माणसे रस्त्यावर थांबून पाहू लागली. दुपार होण्याच्या आत तांब्या रिकामा होऊन कळशीला हात लागला होता, आणि आता अशी अवस्था आली की चिंचेपर्यंत पोचण्यापूर्वीच त्यांना एका निराळ्या, अत्यंत निकडीच्या कारणासाठी परत यावे लागे. परत आले की पाणी प्यावे लागे. आणि प्यायलेले पाणी त्यांना पुन्हा माघारी आणी.

"अहो, एखाद्या वेळी नाही प्यायलं तर काय होतंय?" मी अखेर खिडकीतून विचारले.

"तिनं घालून दिलेलं हाय, नाना," ते म्हणाले, आणि पुढचे भांडे भरू लागले.

येथे मला हस्तक्षेप करावा लागला. मी कुंपणापाशी गेलो आणि त्यांना समजावून सांगितले, की कोणत्याही नियमाचा अर्थ लावताना त्याचे शब्द पाहावे लागतात. या रूढीत पाण्याचा उल्लेख आहे, परिमाणाचा नाही. म्हणून देवघरातल्या पळीने एक पळी पाणी घेतले तरी नियमाचे संपूर्ण पालन होते. शेजारी बराच वेळ चिमटा वाजवीत उभे राहिले.

"म्हंजे हाफ तिकीट," ते म्हणाले.

"तसे समजा."

"पन प्रवास पुरा."

"प्रवास पुरा."

त्यांनी ताबडतोब पळी आणली. मात्र आठवड्याभरात नवीनच संकट उभे राहिले. पॅसिंजर बुद्धीने तल्लख होता. पळीतले पाणी प्यालेला मनुष्य आता निघून जाणार, असा त्याने निष्कर्ष काढला, आणि तो पळी पाहूनच सूर लावू लागला. पळीवरून हा संशय तांब्यावर गेला, तांब्यावरून भांड्यावर, आणि शेजाऱ्यांना स्वतःच्या घरात जेवताना पाणी पिण्याची चोरी झाली. काही दिवस ते घास घशाशी अडकला की उठून आमच्या मोरीत येऊन पाणी पीत. "आपल्या घरात पानी प्यायला बंदी, ऐकलंय का कुठं?" असे ते मलाच विचारीत, जणू बंदी मी घातली होती.

"मग पाणी प्या आणि जाऊच नका कुठे," सौभाग्यवती म्हणाल्या. "प्या आणि बसा. त्यालाही वाटीत द्या."

म्हणून ते उठता-बसता पाणी पिऊ लागले आणि पिऊन काहीही करीनासे झाले. पॅसिंजर वाटीतले पाणी पिई, त्यांच्याकडे पाही, आणि रडण्याचे कारण न सापडल्यामुळे बॅगेचा पट्टा चावत पडून राही. हळूहळू त्याचा निष्कर्ष बदलला. पळी झाल्यावर हा मनुष्य कधी जातो, कधी जात नाही, पण गेला तरी परत येऊन पुन्हा पळी घेतोच, असे काहीतरी त्याने मनाशी ठरवले असावे. शेजारी चिंचेपर्यंत गेले, शांतता राहिली. वाण्यापर्यंत गेले, तरीही राहिली. एके दिवशी ते आसनगावला जाऊन आले, आणि मला खिडकीत बसून एक संपूर्ण अर्ज अखंड लिहिता आला. कोणाविरुद्ध, हे येथे सांगण्याचे कारण नाही.

डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली, आणि यापुढे डोळ्याची हमी देत नाही, असेही बजावले. त्या सकाळी शेजाऱ्यांनी एक पळी पाणी घेतले, वाटी भरली, एक शब्दही न बोलता फाटक लावले, आणि मागे वळून न पाहण्याच्या निर्धाराने मान इतकी ताठ ठेवून ते चालू लागले, की दवाखान्याची पिशवी ओटीवरच राहिली. कपडे, कागद, सगळे तीत होते. मी ती पाहिली तेव्हा ते चिंचेपाशी पोचून थांबले होते आणि रिकाम्या हातांकडे पाहत होते. किन्हवलीकडून कल्याणची गाडी येत होती. ते परत आले असते तर बसले असते, पाणी प्याले असते, आणि गाडी गेली असती. गाडीबरोबर डोळाही गेला असता.

मी कुंपण ओलांडले. ज्या हद्दीबद्दल माझा इतका पत्रव्यवहार झालेला होता, तिच्या पलीकडे परवानगीवाचून पाय टाकणे याला काय म्हणतात, हे मला ठाऊक होते. मी पिशवी उचलली. पॅसिंजरने बॅगेवरून डोके वर केले, माझ्याकडे पाहिले, फाटकाकडे पाहिले, आणि त्याच्या गळ्यात तो ओळखीचा सूर जुळू लागला. मी असल्या रूढी मानीत नाही. तरीही मी ओटीवर टेकलो, तांब्यातले एक पळी पाणी घेतले आणि त्याला दिसेल अशा बेताने प्यालो. त्याने सूर तेथेच सोडला आणि डोके पुन्हा पट्ट्यावर ठेवले. मग मी धावलो. माझ्या वयाच्या माणसाने धावणे शोभत नाही, याची मला कल्पना होती.

चिंचेपाशी गाडी उभी होती. आमचे शेजारी एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून, दांडा घट्ट धरून उभे होते. आतला तरुण कंडक्टर वैतागला होता. "ओ काका, टाइम झाला, चला की," तो म्हणत होता.

"येतोय रे मानूस," शेजारी त्याला सांगत होते. "जरा दम धर. दिसत नाय का, धावतोय तो."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पॅसिंजर दोन्ही दिवस सौभाग्यवतींच्या हातचे जेवला. शेजारी परत आले ते हिरव्या काचांचा चष्मा लावून, आणि प्रथम कुंपणाकडे निरखून पाहत म्हणाले, "नाना, वीतभर नाय. चार बोटं सरकलंय." त्यावरून आमचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे चालला. भोके पाडलेले ते सगळे कागद माझ्याजवळ नीट लावून ठेवलेले आहेत.

मग टोकावड्याच्या बहिणीला अंथरुणातून उठवेना. तिचे करायला दुसरे कोणी नव्हते. शेजाऱ्यांनी घराला कुलूप घातले, त्याला लोंबकळून पाहिले, आणि भाड्याच्या टेम्पोत सामान, चामड्याची बॅग आणि एव्हाना तोंडाशी पांढरा झालेला पॅसिंजर चढवला. पुढे बसताना त्यांनी घड्याळ पाहिले आणि "चला, टाइम झाला" म्हणाले. आवाज पूर्वीइतका खणखणीत नव्हता. टेम्पो निघाला तसा मी घरात जाऊन तांब्या भरून आणला, पळी घेतली, आणि फाटकाशी येऊन उभा राहिलो. चिंचेपाशी टेम्पोचा वेग कमी झाला. पॅसिंजरने मागच्या फळीवरून मान बाहेर काढून माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिले. सौभाग्यवती माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

टेम्पो वळणावरून मुरबाडच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी ते काहीच विसरले नव्हते.