पटलावर ठेवलेलं भाषण

दिल्लीत संसदेत मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसायचो. वर्षाअखेरी काढलेल्या माझ्या कार्यअहवालात लिहिलं होतं, 'अकरा चर्चांमध्ये सहभाग.' गुळगुळीत कागद, वर हात उंचावलेला माझा फोटो. खरं म्हणजे त्या अकरांत मी तोंड दोनदाच उघडलं. बाकीची नऊ भाषणं पटलावर ठेवली. म्हणजे लिहून आणलेला कागद देऊन मोकळं व्हायचं. तो कामकाजात छापून येतो, फक्त सभागृहात कुणी ऐकत नाही.

त्यातलं एक भाषण बिदरच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या आशाताईच्या, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविकेच्या, मागणीचं होतं. गाव तिला अक्का म्हणायचं. तिथला रेल्वेखालचा भुयारी रस्ता पावसात कमरेइतका भरायचा आणि दवाखान्याला जायला दुसरी वाट नव्हती. कळा देणाऱ्या बायकांना पाण्यातून कसं न्यावं लागतं, ते तिने वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. मंत्र्यांसमोर हे बोला, एवढंच तिचं मागणं.

रेल्वेवरच्या चर्चेच्या संध्याकाळी मला दोन मिनिटं मिळत होती. पुरेशी होती. पण मराठीत बोललो तर कन्नडवाले रुसणार, कन्नडमध्ये बोललो तर मराठीवाले. सीमेवरचा माणूस घरात दोन्ही भाषा बिनधास्त बोलतो, माझी मात्र माइकसमोर बोबडी वळली. मी इंग्रजी कागद पटलावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो. वर स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते.

अहवाल वाटायला तिच्या गावी गेलो, तेव्हा अक्काने ओसरीवर चटई टाकून चहा दिला. तिने आपला मजकूर शोधून काढला. अहवालात मराठी भाषांतर करून छापलेला तो तिने चार बायकांना मोठ्याने वाचून दाखवला.

"आमी दिसभर टीव्हीम्होरं बसलो होतो, साहेब. तुमी दिसलाच न्हाई."

"कॅमेरा तिकडं नव्हता," मी म्हणालो.

"मंत्री काय म्हणले मग?"

मंत्र्यांच्या कानावर एक शब्द गेला नव्हता. बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"विचार करायलेत म्हणाले."

अक्काचा चेहरा फुलला. ती शेजारणीकडे वळली. "बघ, म्या सांगितलं न्हवं? ह्या समद्या उद्या कलेक्टरकडं मोर्चा न्यायल्या होत्या, साहेब. गाडीबी ठरली होती. मीच म्हणलं, कामून जायचं? आपला माणूस तिथं बोलायलाय. मीच मोडला मोर्चा."

खरं सांगायची वेळ तीच होती. मोर्चा उद्याचा होता, गाडीही परत ठरवता आली असती. मला ते कळत होतं. मी बशीत चहा ओतला आणि म्हणालो, "बरं केलंत, अक्का."